रोम: तिकिटं, वेळा आणि दिवस कसे लावायचे (कोलोसियम, व्हॅटिकन, बोर्गेझे आणि बाकीचं)

सातटेकड्या | ४ मार्च, रात्री ९:१०

रोमचे प्रश्न इथे चार वेगळ्या धाग्यांवर विखुरले आहेत, म्हणून हा एक धागा. बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. विमान, हॉटेल आणि व्हिसा महिनोन् महिने आधी ठरतं, आणि तिकिटांची आठवण निघायच्या आदल्या आठवड्यात होते. तोवर सकाळचे स्लॉट गेलेले असतात आणि दलालांच्या साइटवर तेच तिकीट कितीतरी जास्त पैसे मोजून घ्यावं लागतं.

जी जागा जास्त ताठर, तिचं तिकीट आधी काढायचं. रोममध्ये ताठरपणात पहिली बोर्गेझे गॅलरी, मग व्हॅटिकन म्युझियम, मग कोलोसियम. ही तीन खुंट्यांसारखी वेगवेगळ्या दिवशी ठोकून टाका, बाकीचं रोम मधल्या जागेत आपोआप बसतं. एका दिवसात वेळेची दोन तिकिटं घेऊ नका. पहिल्या ठिकाणी सुरक्षा तपासणीत तासभर गेला की दुसरं तिकीट वाया जातं.

बोर्गेझे: आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत. स्लॉट दोन तासांचा असतो, संपला की सगळ्यांना बाहेर काढतात. सोमवारी बंद. छोटी पर्ससुद्धा क्लोकरूममध्ये द्यावी लागते आणि रांग तिथेच लागते, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा. उशिरा गेलात तर तुमचे दोन तास पुढे सरकत नाहीत. खालच्या मजल्यावर बर्निनीची शिल्पं आहेत, वर चित्रं. झुंड खालून सुरुवात करते, म्हणून आधी वर जावं आणि मग निवांत खाली यावं असं माझं मत. 'अपोलो आणि डॅफ्नी' (१६२२ ते १६२५) हे शिल्प एका जागी उभं राहून बघायचं नाही. अपोलोच्या पाठीकडून सुरुवात करून हळूहळू पुढे या. आधी फक्त पळणारा देव दिसतो, मग तिच्या बोटांची पानं होताना दिसतात. कॅराव्हाजिओची सहा चित्रं इथेच आहेत.

व्हॅटिकन म्युझियम: अधिकृत साइटचा पत्ता 'डॉट व्हीए' ने संपतो, हे तपासून मगच कार्ड बाहेर काढा. तिकीट २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वर, असे सध्या २५. विक्री साधारण ६० दिवस आधी उघडते. सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८, शेवटचा प्रवेश संध्याकाळी ६ ला. रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ९ ते २ फुकट असतं, पण त्या दिवशी भिंतीला वळसा घालून रांग जाते. फुकटचं महाग पडतं ते असं.

म्युझियमचं दार व्हियाले व्हाटिकानोवर आहे, सेंट पीटर्सच्या चौकात नाही. दोन्हींमध्ये भिंतीच्या कडेने १५ ते २० मिनिटांची चाल आहे. बरेच जण ९ च्या स्लॉटला ८:५० वाजता चौकात उभे असतात. मेट्रोच्या ए लाइनवर ओत्ताव्हियानोला उतरा.

कोलोसियम: कोलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मध्यवर्ती चौक) आणि पॅलाटिन टेकडी (सम्राटांच्या महालांची) यांचं २४ तासांचं एकत्र तिकीट सध्या १८ युरो. अरेना (मधलं खेळाचं मैदान) किंवा त्याखालचा भूमिगत भाग असलेलं २४ युरोचं तिकीट दोन दिवस चालतं. विक्री साधारण ३० दिवस आधी. स्लॉट कोलोसियमच्या प्रवेशाचा असतो. फोरम-पॅलाटिनला आधी किंवा नंतर केव्हाही जा, पण एकदाच. जेवायला बाहेर पडलात की परत आत नाही. म्हणून पाणी आणि काहीतरी कोरडं खाणं बरोबर असू द्या. काचेची बाटली चालत नाही, मोठी बॅग चालत नाही, आणि ती ठेवायला कोलोसियमला क्लोकरूमही नाही.

दर बदलतात, काढायच्या दिवशी अधिकृत साइट बघा.


खडीसाखर | ४ मार्च, रात्री १०:०२

उपयोगी धागा. एक शंका. कोलोसियमच्या तिकिटावर नाव लागतं असं वाचलं. आपल्या पासपोर्टावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं. तिकिटावर ते घालायचं का? आणि मुलांचं तिकीट काढायचं की नाही?


नकाशेबाज | ४ मार्च, रात्री १०:४०

@खडीसाखर, ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमची तिकिटं नावावर निघतात आणि दारात ओळखपत्र मागतात. फॉर्ममध्ये 'नोमे' म्हणजे नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. इटालियन भाषेत हे दोन शब्द इतके सारखे दिसतात की घाईत उलटसुलट भरले जातात. पासपोर्टावरच्या नावाच्या रकान्यात 'अनिता सुरेश' असेल तर 'नोमे'मध्ये तसंच्या तसं 'अनिता सुरेश' भरा, आणि आडनाव वेगळं. लाडाचं नाव, लग्नाआधीचं आडनाव, नुसतं आद्याक्षर, यातलं काहीही नको. नंतर नाव बदलून घेऊ या भरवशावरही राहू नका.

१८ वर्षांखालच्या मुलांना कोलोसियम फुकट, कुठल्याही देशाची असोत. पण शून्य किमतीचं तिकीट त्यांच्या नावाने काढावंच लागतं, आणि ते मोठ्यांच्या तिकिटांबरोबर त्याच वेळी काढायचं. नाहीतर तुम्ही ९:३० ला आत आणि मुलं ११ वाजता, असा प्रकार होतो. मुलांचे पासपोर्टही बरोबर ठेवा.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर आपली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन, परदेशी दुकान आणि टॅप असे वेगवेगळे खटके चालू करावे लागतात. तिकिटं भारतात असतानाच काढा. तिकडे गेल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, रोमिंग नसेल तर तो येतच नाही, आणि तेवढ्यात टोपलीतलं तिकीट सुटतं.

वेळेचा फरक: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत रोम आपल्या साडेतीन तास मागे, बाकीच्या दिवसांत साडेचार.


शेवटचा_डबा | ५ मार्च, सकाळी ७:२५

रोमा पास घ्यावा का? आणि भूमिगत भागासाठी ६ युरो जास्त देण्यात अर्थ आहे का, की नुसतं नाव?


सातटेकड्या | ५ मार्च, सकाळी ८:१५

रोमा पास ४८ तासांचा असेल तर एक जागा फुकट, ७२ तासांचा असेल तर दोन, पुढच्या सवलतीत, आणि बस-मेट्रो मोकळी. व्हॅटिकन यात येत नाही, ते वेगळं राष्ट्र आहे. पास असला तरी कोलोसियमची वेळ आधी घ्यावीच लागते, बोर्गेझेचीही. लोक इथेच फसतात: पास खिशात आहे आणि स्लॉट नाही. दोन महागड्या जागा पासवर बसत असतील आणि दिवसाला तीन-चार वेळा बस-मेट्रो लागणार असेल तर तो परवडतो. जुनं रोम पायी फिरायचं असेल तर नाही. मुलांसाठी तर मुळीच नाही, त्यांना सरकारी जागा तशाही फुकट आहेत.

भूमिगत भागाबद्दल @दगडी_पाटा यांनी लिहावं.


दगडी_पाटा | ५ मार्च, सकाळी ११:५०

अर्थ आहे, पण आधी वरचा भाग नीट कळला तरच.

कोलोसियमचं काम सम्राट व्हेस्पासियनने सुरू केलं आणि इ. स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटसने ते खुलं केलं. लांबट वर्तुळ आहे, मोठा अक्ष १८८ मीटर, लहान १५६, उंची सुमारे ४८. आत जायच्या आधी उत्तरेच्या बाजूला, जिथे बाहेरची चार मजली भिंत शाबूत आहे, तिथे कमानींच्या वर बघा. रोमन आकडे कोरलेले आहेत. एकूण ८० कमानी, त्यातल्या ७६ ना क्रमांक, आणि आज २३ ते ५४ उरलेत. हे दाराचे नंबर. प्रेक्षकाकडे नंबराचा बिल्ला असायचा, त्या कमानीतून त्याच जिन्याने त्याच्या रांगेत. सुमारे ५०,००० माणसं आत-बाहेर करायची तर दुसरा मार्ग नाही. आपल्या स्टेडियमच्या गेट नंबरांची पणजी म्हणा. आणि ५४ तिथे 'एल' पुढे चार उभ्या रेघा असा लिहिलाय, शाळेत शिकवतात तसा नाही.

भिंतीभर जी भोकं दिसतात ती तोफगोळ्यांची नव्हेत. ट्रॅव्हर्टिनचे दगड चुन्याशिवाय, लोखंडी आकड्यांनी एकमेकांना जोडले होते. मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी ते आकडे उकरून काढले. दक्षिणेची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात कोसळली आणि तिचा दगड शहरातल्या इमारतींना लागला.

मधला उघडा चक्रव्यूह म्हणजे भूमिगत भाग. तो टायटसच्या वेळी नव्हता, त्याच्या भावाने, डोमिशियनने, नंतर बांधला. त्यावर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर वाळू असे. जनावरांचे पिंजरे माणसांनी फिरवलेल्या रहाटांनी वर यायचे आणि तक्त्यातला झडपेचा दरवाजा उघडायचा. खाली उतरलात तर भिंतींत या रहाटांच्या आणि दोरांच्या खोबणी दिसतात. वरून बघताना हे काही कळत नाही, नुसत्या विटांच्या भिंती दिसतात. म्हणून भूमिगत हो. नुसतं अरेनाचं तिकीट म्हणजे मात्र फोटोची जागा. वरच्या मजल्यावरून दृश्य जास्त चांगलं दिसतं.

फोरममध्ये लोक थकून येतात आणि 'नुसते खांब' म्हणून परत जातात. सावली जवळपास नाही आणि व्हिया साक्राचे मोठे बसाल्टचे दगड उंचसखल आहेत. उन्हाळ्यात आधी पॅलाटिन-फोरम सकाळी करा, कोलोसियमचा स्लॉट दुपारचा घ्या, तिथे निदान कमानींची सावली असते. आणि एक खास आपल्या कामाची जागा: मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकाखाली डोमिशियनच्या काळातल्या मसाल्याच्या वखारींचे अवशेष आहेत. मिरी मलबारची. भारतीय मालापायी दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) रोमबाहेर जातात अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. या व्यापाराचं दुसरं टोक बघायचं तर कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे.


शेवटचा_डबा | ५ मार्च, दुपारी १२:१०

कमानींवरच्या रोमन आकड्यांचं माहीत नव्हतं. भूमिगत तिकीट मिळत नसेल तर दलालांकडून घ्यावं का?


नकाशेबाज | ५ मार्च, दुपारी १:३०

मिळत नाही याला कारण आहे. तिकिटं स्वयंचलित प्रोग्राम लावून घाऊक उचलली जात होती. एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने तिकीटविक्रीच्या ठेकेदाराला आणि सहा पर्यटन कंपन्यांना मिळून सुमारे २ कोटी युरो दंड ठोठावला, तो याच प्रकरणात. वाटाड्यासह फेरी घ्यायची असेल तर घ्या, चांगला वाटाड्या पैसे वसूल करून देतो. पण 'रांग टाळा' एवढंच सांगून विकलेलं तिकीट घेऊ नका. वेळेचं तिकीट असलेले सगळेच तिकीट खिडकीची रांग टाळतात, आणि सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही.


खडीसाखर | ५ मार्च, दुपारी ३:४५

सत्तरीच्या पुढची मंडळी बरोबर असतील तर काय गाळावं? सेंट पीटर्सच्या घुमटाला लिफ्ट आहे असं कळलं.


सातटेकड्या | ५ मार्च, संध्याकाळी ६:३०

लिफ्ट आहे, पण ती फक्त छतापर्यंत. घुमटाच्या टोकापर्यंत एकूण ५५१ पायऱ्या. लिफ्टने २३१ वाचतात आणि ३२० उरतात. त्या ३२० च जड आहेत. दोन कवचांच्या मधून जिना जातो, त्यामुळे भिंत घुमटाबरोबर तिरकी होत जाते आणि तुम्हीही तिरके चालता. शेवटी गोल जिना आहे, तिथे कठड्याऐवजी दोर. वाट एकेरी आहे, मध्येच परत फिरता येत नाही. गुडघे, दमा, बंद जागेची भीती, यातलं काही असेल तर छतापर्यंत लिफ्टने जाऊन तिथेच थांबावं. तेवढंही पुष्कळ आहे.

सेंट पीटर्सची बॅसिलिका, म्हणजे मुख्य चर्च, फुकट, सकाळी ७ ला उघडते, आणि ७ ते ८ मध्ये तपासणीची रांग सगळ्यात छोटी. आत उजव्या हाताला लगेच मायकेलअँजेलोचा पिएता (मृत येशूला मांडीवर घेतलेली मारिया) आहे, १९७२ च्या हल्ल्यानंतर काचेमागे. चौकात बर्निनीचे २८४ खांब चार ओळींत उभे आहेत. ओबेलिस्क (मधला उंच दगडी स्तंभ) आणि कारंजं यांच्या मध्ये फरशीत एक गोल दगड बसवलाय, त्यावर उभे राहा. चारही ओळी एकमेकींच्या मागे लपतात आणि एकच ओळ दिसते. याला पायऱ्या लागत नाहीत, पैसे लागत नाहीत.

ज्येष्ठांना खरा त्रास पायऱ्यांपेक्षा रस्त्यांचा. जुन्या रोममध्ये छोट्या काळ्या दगडांची फरसबंदी आहे, 'सांपिएत्रीनी'. पातळ तळव्याच्या चपलेने संध्याकाळपर्यंत टाचा बोलायला लागतात. बाबागाडीची छोटी चाकं फटींत अडकतात. जाड तळव्याचे, जुने, पायाला सवयीचे बूट.

फोरम गाळायचा असेल तर गाळा आणि त्याऐवजी कॅपिटोलिन म्युझियम घ्या. त्याच्या ताबुलारियम या जुन्या दफ्तरखान्यातून सगळा फोरम सावलीत उभं राहून वरून दिसतो. चौकातला घोड्यावरचा मार्कस ऑरेलियस प्रतिकृती आहे, मूळ कांस्याचा आत.


दगडी_पाटा | ५ मार्च, संध्याकाळी ७:०५

@सातटेकड्या, मूळ लेखात एक राहिलं. बुधवार. पोप रोममध्ये असतील तर बुधवारी सकाळी चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते आणि बॅसिलिका दुपारपर्यंत बंद. म्युझियम मात्र चालू. म्हणजे बुधवारी सकाळी म्युझियम आणि दुपारी बॅसिलिका, उलट नको.

शिवाय, म्युझियममधल्या सिस्टीन चॅपलमधून थेट बॅसिलिकात उतरणारं एक दार आहे, ते वाटाड्यासह आलेल्या गटांसाठी. प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये 'गुपचूप गटात मिसळा' असं सांगतात, त्यावर दिवस बेतू नका. पहारेकरी मागे फिरवतो तेव्हा पुन्हा सगळं म्युझियम पार करून बाहेर पडावं लागतं.


सातटेकड्या | ५ मार्च, संध्याकाळी ७:२०

बरोबर, बुधवार राहिलाच होता.

कपड्यांचंही इथेच सांगतो. व्हॅटिकन म्युझियम, बॅसिलिका आणि मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. अर्ध्या चड्डीवर पुरुषांना परत पाठवतात. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी पुरते. साडीवर बिनबाह्यांचं ब्लाउज असेल तर पदर दोन्ही खांद्यांवर घ्या.

म्युझियममध्ये ४० × ३५ × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग क्लोकरूममध्ये जाते. क्लोकरूम दाराशी आहे, सिस्टीन चॅपल दुसऱ्या टोकाला. म्हणजे बॅग ठेवली की शेवटी दाराशी परत यावंच लागतं. लहान बॅग न्या.

सिस्टीनमध्ये फोटो नाही, बोलणं नाही. मायकेलअँजेलोचं छत १५०८ ते १५१२, आणि समोरच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' १५३६ ते १५४१. मध्ये पंचवीसेक वर्षं गेलीत आणि चित्रकाराचा स्वभाव बदललाय, हे बघायचं. भिंतीच्या कडेला बाक आहेत. जागा मिळाली की बसा, मान मोडत उभं राहू नका. सकाळच्या पहिल्या स्लॉटला बरेच जण थेट सिस्टीनकडे धावतात. त्यापेक्षा पिनाकोतेका, म्हणजे चित्रदालन, आधी घ्या. प्रवेशाच्या जवळ असून ते ओस असतं. राफाएलचं 'रूपांतर' आणि कॅराव्हाजिओचं 'दफन' तिथे आहेत, आणि समोर चार-सहा माणसं.


नकाशेबाज | ५ मार्च, रात्री ९:५५

पिनाकोतेकासाठी +१. नकाशांच्या दालनात मात्र सगळे छताचे फोटो काढत पुढे सरकतात. १२० मीटर लांब दालन, भिंतींवर इटलीचे ४० नकाशे, इन्यात्सिओ दांतीच्या आराखड्यावरून १५८० च्या सुमारास काढलेले. एका बाजूला टायरेनियन समुद्राकडचे प्रदेश, दुसऱ्या बाजूला एड्रियाटिककडचे. म्हणजे तुम्ही अपेनाइन डोंगराच्या कण्यावरून इटली चालत जाताय. एवढं कळलं की दालन लांब वाटत नाही.


मिश्रपिलू | ६ मार्च, सकाळी ९:३०

गाण्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

पुच्चिनीचा 'तोस्का' हा ऑपेरा १४ जानेवारी १९०० ला रोममध्येच, तेआत्रो कोस्तान्झीत, पहिल्यांदा झाला. आज त्यालाच रोमचं ऑपेरा हाउस म्हणतात, तेर्मिनी स्टेशनपासून चालत काही मिनिटं. कथेचे तिन्ही अंक रोममधल्या खऱ्या जागांवर घडतात. पहिला सान्त आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये, दुसरा पलात्सो फार्नेझेत, तिसरा कास्तेल सान्तांजेलोच्या गच्चीवर. तिन्ही एका दुपारी पायी होतात. चर्च फुकट आहे, पण ऑपेरातलं अत्ताव्हान्ती चॅपल कल्पित आहे, ते शोधू नका. फार्नेझेत फ्रान्सचा दूतावास आहे, आत फक्त आधी ठरवलेल्या फेरीने जाता येतं. बाहेरून बघून पुढे चला. कास्तेल सान्तांजेलो सोमवारी बंद. ही सम्राट हेड्रियनची समाधी, पुढे पोपचा किल्ला. आतला चढ वर्तुळाकार उताराचा आहे, तो मूळ रोमन.

उन्हाळ्यात ऑपेरा हाउसचे प्रयोग कॅराकल्लाच्या स्नानगृहांच्या भग्नावशेषांत होतात, ही प्रथा १९३७ पासूनची. उघड्यावर असतात, दिवसा कितीही तापलं तरी रात्री वारा सुटतो, पातळ शाल न्या. तिकडे जायला मेट्रो सोपी, बी लाइन, चिर्को मास्सिमो. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, मोठे ऑपेरे मध्यरात्रीजवळ संपतात.

वाद्यवृंद ऐकायचा तर रेंझो पियानोने बांधलेलं पार्को देल्ला म्युझिका, २००२ चं. तीन सभागृहं वेगवेगळी, बाहेरून तीन मोठे भुंगे बसल्यासारखी दिसतात. सगळ्यात मोठ्यात सुमारे २,८०० खुर्च्या, आणि तिथला वाद्यवृंद सान्ता चेचिलिया या संस्थेचा, जिचं मूळ १५८५ चं. रस्त्यावर विग घालून 'आज रात्री ऑपेरा' म्हणत पत्रकं वाटणारे भेटतात, तो प्रकार वेगळा. निवडक गाण्यांची मैफल असते, आख्खा ऑपेरा नव्हे.


दगडी_पाटा | ६ मार्च, दुपारी १२:२०

फुकटात कॅराव्हाजिओ हवा असेल तर चर्च. सान लुइजी देइ फ्रांचेझीत संत मॅथ्यूची तीन चित्रं, सान्ता मारिया देल पोपोलोत पीटर आणि पॉल, सान्त अगोस्तीनोत यात्रेकरूंची मॅडोना, मळक्या तळपायांसह. सुटी नाणी बाळगा, कारण बऱ्याच चर्चमध्ये चित्रावरचा दिवा नाण्याने लागतो आणि मिनिटाभरात विझतो. खिडकी कुठे आहे ते बघा. चित्रातला उजेड त्या चॅपलमधल्या खऱ्या उजेडाशी जुळवलेला असतो, म्हणून ती चित्रं तिथेच बघायची.

चर्च दुपारी साधारण साडेबारा ते तीन-चार बंद, ही सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा कोलोसियमजवळच सान पिएत्रो इन व्हिंकोलीत आहे. कोलोसियम संपवून एक वाजता चढ चढून गेलात की दार बंद.

सान क्लेमेन्ते चुकवू नका. वर १२ व्या शतकातलं चर्च, त्याखाली ४ थ्या शतकातलं, त्याहीखाली पहिल्या शतकातली घरं, गल्ली आणि मिथ्र देवाचं देऊळ. खालच्या थरांना तिकीट आहे. तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. रोमचे थर कळायला याहून सोपी जागा नाही.

सान्त इन्यात्सिओत हल्ली आरशात छताचा फोटो काढायला लांब रांग असते. रांगेत उभे राहू नका. फरशीवरच्या खुणेवर उभे राहून नुसतं वर बघा. तिथला घुमट घुमट नाहीच, सपाट कापडावर आंद्रेआ पोत्सोने १६८५ मध्ये रंगवलेला भास आहे. खुणेपासून दहा पावलं सरकलात की तो एका बाजूला कलतो. आरशात हे कळत नाही.

पॅन्थिऑन, जुनं रोमन देऊळ: जुलै २०२३ पासून ५ युरो. हे चालू चर्च आहे, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटक बंद. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, फरशीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण चेंडू मावतो. काँक्रीटमध्ये लोखंड नाही. खाली जड ट्रॅव्हर्टिनची खडी, वर जाताना हलकी होत शेवटी प्यूमिस, म्हणजे सच्छिद्र हलका दगड. वरचं छिद्र उघडंच आहे, पाऊस आत पडतो. फरशीला किंचित उतार आणि २२ बारीक भोकं आहेत, त्यातून निचरा होतो. पाऊस आला तर बाहेर पळू नका, आत जा. २१ एप्रिलला, रोमच्या वाढदिवशी, दुपारी उन्हाचा झोत नेमका दारावर येतो.


खडीसाखर | ६ मार्च, दुपारी ४:१०

हे सगळं वाचून चार दिवस कमी वाटायला लागले. शाकाहारी खाणं आणि विमानतळावरून शहरात येणं, एवढं सांगा.


नकाशेबाज | ६ मार्च, संध्याकाळी ५:४०

फ्युमिचिनोहून लिओनार्दो एक्सप्रेस, १४ युरो, ३२ मिनिटं, थेट तेर्मिनी. ८ युरोची लोकल तेर्मिनीला जातच नाही. त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिनाला जाते. राहायचं त्रास्तेव्हेरेत असेल तर तीच बरी. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड. चार जण आणि सामान असेल तर टॅक्सी. जुन्या तटबंदीच्या आत ठरलेलं भाडं असतं, दारावर लिहिलेलं. तटबंदीच्या बाहेर हॉटेल असेल तर ते भाडं लागू नाही.

शहरात १.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं, त्यात बस कितीही पण मेट्रो एकदाच. बँकेचं कार्ड थेट टॅप करता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. ६४ नंबरची बस तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाते आणि खिसेकापूंना ती तुमच्याइतकीच सोयीची आहे. हॉटेलात शहर कर वेगळा द्यावा लागतो, दर माणशी दर रात्री, बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो.

पाणी विकत घेऊ नका. चौकाचौकात 'नासोने' नावाचे लोखंडी नळ आहेत, शहरभर सुमारे अडीच हजार, अखंड वाहते, पिण्याजोगे. खालच्या तोंडावर बोट दाबा, वरच्या बारीक भोकातून धार उडते. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड भारी आहे.


मिश्रपिलू | ६ मार्च, संध्याकाळी ६:१५

खाण्याचं: 'पित्सा अल तालियो' म्हणजे कात्रीने कापून वजनावर देतात. 'उन एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम. बोटाने किती रुंद ते दाखवा. मारिनारा पित्सावर चीजही नसतं. 'नापोली' नावाच्या पित्सावर रोममध्ये छोटे खारे मासे असतात, नावावर जाऊ नका. 'सुप्ली' हा भाताचा तळलेला गोळा दिसतो निरागस, आत बहुधा खिमा असतो. सूप आणि रिसोत्तोमध्ये 'ब्रोदो' (रस्सा) मांसाचा का ते विचारा. पेकोरिनो आणि पार्मेजान चीजमध्ये जनावराच्या पोटातलं विरजण, रेनेट, असतं, कडक पाळणाऱ्यांनी 'काचो ए पेपे' (चीज-मिरीचा पास्ता) टाळावं. ज्यूंच्या जुन्या वस्तीत तळलेला अख्खा आर्टिचोक मिळतो, भज्यांवर प्रेम असणाऱ्यांसाठी. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत. कांदा-लसूण नको तर 'सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो'. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. टेबलावर बसलात की त्याच कपाचा दर वेगळा.


सातटेकड्या | ६ मार्च, रात्री ८:५०

@खडीसाखर, चार दिवसांची एक मांडणी. बुधवारी दुपारी पोचताय असं धरलंय.

बुधवार संध्याकाळ: पॅन्थिऑन, सान लुइजी, नाव्होना चौक. गुरुवार: सकाळी ८:३० ला पॅलाटिनच्या सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दाराने आत, तिथे कोलोसियमच्या दारापेक्षा रांग छोटी असते. टेकडीवरून उतरत फोरम, मग दुपारी कोलोसियम, साडेतीननंतर मोझेस. शुक्रवार: ७ ला बॅसिलिका, घुमट किंवा नुसतं छत, पोटभर नाश्ता, ११ ला म्युझियम. शनिवार: ९ ला बोर्गेझे, बागेतून चालत देल पोपोलो. चर्च दुपारी मिटायच्या आत पोचाल. त्यानंतर तोस्काचा रस्ता. रविवारी सान क्लेमेन्ते. सकाळी प्रार्थना असते, दुपारी जा. महिन्याचा पहिला रविवार असेल तर कोलोसियम आणि फोरम फुकट असतात, म्हणजे त्या परिसराच्या वाटेला जाऊ नका.

ज्येष्ठ बरोबर असतील तर शुक्रवारचा घुमट गाळा आणि गुरुवारी फोरमऐवजी कॅपिटोलिन.


शेवटचा_डबा | ६ मार्च, रात्री ९:३०

रविवारी रात्रीचं विमान आणि सकाळी ११ ला हॉटेल सोडायचं, अशा वेळी बॅगा?


नकाशेबाज | ६ मार्च, रात्री ९:४२

हॉटेलातच ठेवायला सांगा, बहुतेक ठेवतात. भाड्याचं घर असेल तर तेर्मिनीला सामान ठेवायची जागा आहे. रविवारी परतताना तिथेही रांग लागते, म्हणून एक्सप्रेसच्या वेळेआधी पाऊण तास धरा.